गफीराची टोपी

टोपी शेवटी एस्तेरबाईंनी स्वतःच कपाटावरून काढली, आणि ते करताना गुडघ्याने असा काही आवाज केला की शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. त्र्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढायचं नसतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. उभा जन्म कार्डिफच्या हॉस्पिटलात सिस्टर म्हणून काढलेली बाई ती. स्टुलावरून पडलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्यांनी आधी झापलं होतं आणि मग प्लास्टरला पाठवलं होतं. पण चार वाजता मृणाल येणार होती, आणि घरात दुसरं होतं कोण टोपी काढायला?

डबा बिस्किटांचा, जुना, पत्र्याचा. आत मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली काळी, उंच, कोकराच्या लोकरीची टोपी आणि तिच्यावर पोलिसांचा पितळी बिल्ला. मृणालने झाकण उघडलं तसा डांबराच्या गोळ्यांचा वास भपकन अंगावर आला आणि तिने तोंड फिरवलं.

"सॉरी हं मावशी."

"सॉरी कसलं? मलाही सहन होत नाही. पण दर वर्षी नव्या गोळ्या घालते म्हणून टिकलीय. नाहीतर कसरीने केव्हाच खाल्ली असती."

मृणाल नागपूरची. इथल्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायची. इंग्रजांचं राज्य ज्यांच्या जिवावर जगभर उभं राहिलं त्या साध्या पोलिसांचं, शिपायांचं, पहारेकऱ्यांचं एक छोटंसं प्रदर्शन ती गावातल्या जुन्या लायब्ररीच्या हॉलमध्ये भरवत होती. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत तिला कुणीतरी सांगितलं, एस्तेरबाईंचे वडील पॅलेस्टाईनमध्ये पोलीस होते म्हणून. झालं! तेव्हापासून पोरगी हात धुऊन मागे लागली होती.

"ते रेग्युलर पोलीस नव्हते ना, मावशी? एक्स्ट्रा भरती केलेली फोर्स होती."

"गफीर," एस्तेरबाई म्हणाल्या. "आमच्या घरात तोच शब्द. तिकडे अरबीत पहारेकऱ्याला गफीर म्हणतात. बाबा कधी स्वतःला पोलीस म्हणाले नाहीत. म्हणायचे, मी गफीर होतो."

आता हे गफीर प्रकरण काय, ते सांगायला हवं. हसाजी वाक्रूळकर, म्हणजे एस्तेरबाईंचे बाबा, पेणजवळच्या तेल्याचा मुलगा. जात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. ही माणसं घाणा चालवायची आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायची, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घाण्यावर पोट भरेना तेव्हा हसाजी मामेभावाच्या मागोमाग थेट पॅलेस्टाईनमधल्या हैफाला गेला, बंदरात हमालीला. आणि गेला तो नेमका वणव्यात. छत्तीस साली तिथल्या अरबांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. इंग्रजांना माणसं पुरेनात, तेव्हा त्यांनी ज्यू पोरांना जादा पोलीस म्हणून भरती करायला सुरुवात केली. खाकी कपडे, ही टोपी, एक जुनी बंदूक आणि उभं राहायला एक जागा. कुठे रेल्वेचे रूळ, कुठे संत्र्याची बाग, कुठे पाण्याची टाकी. पगार सरकारचा, हुकूम इंग्रज सार्जंटचा, आणि आतून तीच पोरं ज्यूंच्या स्वतःच्या छुप्या सेनेची. इंग्रजांना ते ठाऊक होतं, पण गरज होती तोवर त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं.

"दोन शपथा घ्याव्या लागायच्या," एस्तेरबाई म्हणाल्या. "एक राजाची, ऑफिसात, सगळ्यांसमोर. दुसरी बंद खोलीत, आपल्या माणसांपुढे. बाबा म्हणायचे, दोन शपथा घेतलेला माणूस सारखा मागे वळून बघतो. त्यातून रंग असा सावळा. युरोपातून आलेले ज्यू विचारायचे, तू खरंच आमच्यातला का, प्रार्थना म्हणून दाखव बघू. सार्जंट हाक मारायचा, एय इंडिया! आणि अरबांना वाटायचं, हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून आणलेला शिपाई. कुणाचाच नाही बिचारा. उन्हात उभा."

मृणालचं लिहिणं थांबलं. "माझे पणजोबा येसकर होते," ती म्हणाली. "रात्रभर गावाची वेस राखायची, आणि सकाळी त्याच गावाच्या विहिरीला हात लावायचा नाही. बाबासाहेबांनी ही कामं सोडा म्हटल्यावर त्यांनी येसकरकीची काठी मोडून चुलीत घातली. बरोबरच केलं. पण मावशी, ती काठी आज असती ना, तर मी काचेत ठेवली असती."

एस्तेरबाईंनी डबा तिच्याकडे सरकवला. हिच्याकडे टोपी द्यायला हरकत नाही असं त्यांना वाटलं.

"फक्त खाली काय लिहायचं ते मी सांगेन," त्या म्हणाल्या. "आधी लिही, तेली. गफीर नंतर."

तेवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण दुसऱ्या दिवशी लंडनहून सॅमसनभाऊंचा फोन. सॅमसनभाऊ म्हणजे तिथल्या बेने इस्राएल मंडळाचे सर्वेसर्वा. बातमी त्यांना कुठून लागते देव जाणे.

"एस्तेर, हसाजीकाका आपले हिरो होते. रक्षक! तसं लिहून घे, नाहीतर टोपी देऊ नकोस. आजकाल दिवस कसे आहेत बघतेस ना?"

दिवस कसे आहेत ते एस्तेरबाई रोज बघत होत्या. टीव्ही लावला की तेच, पॅलेस्टाईनमधलं युद्ध. शेवटी टीव्ही लावणंच त्यांनी सोडलं होतं. संध्याकाळी मृणालचा फोन आला: तिच्याच कमिटीतल्या एकाचं म्हणणं, खाली सरळ "साम्राज्याचा हस्तक" असं लिहा, गुळमुळीत कशाला?

एस्तेरबाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मटकन बसल्या. बाबांना जाऊन तीस वर्षं होत आली, आणि आता जो तो त्यांची बदली करायला निघालाय! जिवंतपणी माणसाला कुणी धड बसू दिलं नाही, मेल्यावर तरी द्याल की नाही? त्या दमल्या होत्या. गुडघ्यांनी दमल्या होत्या, बातम्यांनी दमल्या होत्या, आणि आपल्या बापाबद्दल दुसऱ्यांचं ऐकून घेऊन तर पार थकून गेल्या होत्या.

पण खरी काळजी वेगळीच होती. खरी काळजी होती नवाल.

नवाल मागच्या गल्लीत राहायची. हॉस्पिटलच्या फार्मसीत तिची नोकरी, तिथली ओळख, आणि पुढे दोघींचे नवरे एका पाठोपाठ एक गेले तेव्हापासून सख्ख्या बहिणींसारखा घरोबा. ती जन्मली बैरूतला, पण घराणं अरब, हैफाकडच्या डोंगरातल्या एका गावचं. ते गाव आता नाही, अठ्ठेचाळीस साली उठवलं गेलं. बाजारहाट, डॉक्टर, सिनेमा, दोघी बरोबर. गेली दोन वर्षं दोघींमध्ये एक अलिखित करार होता की बातम्यांवर बोलायचं नाही. नवाल कधी लाल डोळ्यांनी यायची, एस्तेरबाई चहा ठेवायच्या. कधी एस्तेरबाईंच्या प्रार्थनास्थळाबाहेर पोलिसांची गाडी उभी असायची, तेव्हा नवाल त्यांना घ्यायला यायची. एवढ्यावर दोघींनी निभावून नेलं होतं.

म्हातारपणी बाबा एस्तेरबाईंकडे कार्डिफला येऊन राहिले, तेव्हा बाबांनाही तिने पाहिलं होतं. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात औषधं आणून द्यायची. एकदा बाबा तिच्याशी मोडक्यातोडक्या अरबीत बोलले, तर ही केवढी खूश! "काका, कुठे शिकलात?" बाबा म्हणाले, "हैफाला, रेल्वेत होतो." खोटं नव्हतं. रुळांवरच तर पहारा होता. मग बाबांनी तिला तिच्या वडिलांचं गाव विचारलं. तिने सांगितलं. त्या दिवसानंतर ती आली की बाबा झोपेचं सोंग घ्यायचे. एस्तेरबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, आणि नंतर बोलायची वेळ कधी आलीच नाही.

कारण त्या नोकरीतली एकच गोष्ट बाबांनी घरात सांगितली होती, आणि ती पुन्हा पुन्हा सांगितली होती. अडतीस सालची. इंग्रज सोल्जर एका अरब गावाची झडती घ्यायला गेले, बंडखोर लपलेत म्हणून. गफिरांना रस्त्यावर बंदुका घेऊन उभं केलं, कुणी बाहेर पडू नये म्हणून. बंडखोर सापडले नाहीत. तेव्हा सोल्जरांनी गावाला अद्दल म्हणून घराघरातले तेलाचे रांजण फोडले, पिठाची पोती फाडली आणि सगळं एकात एक कालवलं. "आत तेल सांडलं, एस्तेर," बाबा म्हणायचे, "आणि मी तेल्याचा पोर बाहेर बंदूक घेऊन उभा." एवढंच. पण जन्मभर ताटाशेजारी तेलाचा थेंब सांडला तरी ते भाकरीने टिपून खायचे.

आणि फार वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या कॅंटीनमध्ये, नवालने आपल्या आजीची गोष्ट सांगितली होती. ज्या वर्षी इंग्रजांनी आजीचं तेल पिठात ओतलं त्या वर्षाची. एस्तेरबाई अर्धं जेवण टाकून वॉर्डकडे निघून गेल्या होत्या.

प्रदर्शन गुरुवारी. लायब्ररीच्या दारावर पोस्टर लागलं, आणि पोस्टरवर नेमका टोपीचाच फोटो. नवालने तो पाहिला आणि फोनवर म्हणाली, "हे तुझ्या त्या मृणालचं ना? जाऊ या आपण. मी येते बरोबर." एस्तेरबाईंनी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आता तिला आधी सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि सांगितलं तर ही एक मैत्रीण उरली होती, तीही जायची.

योगायोग असा की मंगळवारी बाबांचा दिवस आला, ते गेले ती तारीख. त्या दिवशी एस्तेरबाई मलिदा करायच्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, वर फळांच्या फोडी. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची आणि पहिली थाळी नवालकडे. थाळी पेणहून आलेली, स्टीलची, कडेला बाबांचं नाव कोरलेली. ती कधी रिकामी परत आली नाही. कोकणात रिकामं भांडं परत करत नाहीत, आणि नवालकडेही तीच रीत. कधी खजूर, कधी रव्याच्या वड्या, कधी ऑलिव्ह तेलाची बाटली.

त्या मंगळवारी थाळी घेऊन मागची गल्ली गाठेपर्यंत एस्तेरबाई दोनदा थांबल्या. गुडघ्यांचं निमित्त होतं.

"ये, ये," नवाल म्हणाली. "काकांचा दिवस ना आज? मी चहा टाकते."

"चहा नको. आधी बस." दोघी इंग्रजीत बोलायच्या, पण एस्तेरबाईंना त्या दिवशी इंग्रजी सुचेना. "नवाल, पोस्टरवरची ती टोपी बाबांची आहे. ते रेल्वेत नव्हते. म्हणजे रुळांवर पहाऱ्याला होते. गफीर होते."

नवालला तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. तिच्याच भाषेतला होता.

एस्तेरबाई मग थांबल्या नाहीत. अडतीस साल, झडती, सोल्जर आत, बाबा बाहेर, तेल. सगळं एका दमात सांगून टाकलं. "तेच गाव असेल असं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "बाबांनी नाव कधी सांगितलं नाही. पण तू गावाचं नाव घेतलंस त्या दिवसापासून ते तुझ्यासमोर डोळे उघडेनात."

नवालने चमचा उचलला होता तो खाली ठेवला. थाळी बाजूला सरकवून ती खिडकीबाहेर बघू लागली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे होते.

"इतकी वर्षं मी हे खात आले," ती थाळीकडे बोट करून म्हणाली. "त्याच्या नावाने."

"हो."

"आज तू जा, एस्तेर."

एस्तेरबाई उठल्या. थाळी उचलावी की राहू द्यावी ते त्यांना कळेना. राहू दिली.

बुधवारी फोन नाही. थाळी नाही. एस्तेरबाईंनी घर पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. देवा, काय घाई होती मला सांगायची, असं एकदा वाटलं; आणि एकदा वाटलं, बरं झालं, आता लपवायला अंगात ताकद तरी कुठे होती? रात्री नीट जेवल्याही नाहीत.

गुरुवारी हॉलमध्ये बऱ्यापैकी गर्दी होती. समोसे होते, वेल्श केक होते, प्लास्टिकच्या ग्लासात ज्यूस होता. टोपी मधल्या टेबलावर काचेत ठेवलेली. खाली मृणालने एस्तेरबाईंनी सांगितलं तसंच इंग्रजीत लिहिलं होतं: हसाजी वाक्रूळकर, पेणचे तेली. हैफा जिल्ह्यात ज्यू जादा पोलीस दलात गफीर. एका गावाच्या झडतीच्या वेळी ते बाहेर पहाऱ्यावर होते. आत सोल्जरांनी तेल सांडलं.

सॅमसनभाऊ लंडनहून मुद्दाम आले होते. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"हे तेलाचं कशाला घातलंस? हिरो नाही म्हणालीस तर नाही, पण हे कशाला?"

"कारण बाबा हेच सांगायचे, भाऊ. मरेपर्यंत. पदक मिळालं असतं तर ते लिहिलं असतं."

कमिटीतले ते हस्तकवाले गृहस्थही टोपीपाशी येऊन मान हलवून गेले. त्यांनाही पटलं नव्हतं. दोघांनाही पटलं नाही म्हणजे बरोबर लिहिलं असेल, असं म्हणून मृणालने एस्तेरबाईंना खुर्ची आणून दिली. शेजारी दुसरी खुर्ची ठेवली, कोणासाठी ते न विचारता. ती रिकामीच राहिली. भाषणं झाली. समोसे संपले. सॅमसनभाऊ ट्रेन गाठायला निघून गेले. एस्तेरबाईंनी कोट घातला.

तेव्हा नवाल आली. हातात काठी, डोक्याला रुमाल, कोटाची बटणं वरखाली लागलेली. कुणाकडे न बघता ती सरळ काचेपाशी गेली. टोपी पाहिली, बिल्ला पाहिला, मग वाकून खालचं वाचलं, सावकाश, फार्मसीत बाटलीवरचं वाचायची तसं. एस्तेरबाई उठून तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हे चूक आहे," नवाल म्हणाली.

"काय चूक आहे?"

"इथे लिहिलंय तो बाहेर उभा होता. तूही तेच म्हणालीस. मग आत तेल सांडलं ते त्याला कसं कळलं? कुणी सांगितलं त्याला?"

"कुणी नाही." एस्तेरबाईंकडून पटकन उत्तर आलं, कारण हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. "तेल बाहेर आलं. उंबऱ्याखालून आलं, पायऱ्यांवरून आलं आणि रस्त्यावर उतरलं. बाबांचे बूट भिजले. उभं राहता येईना, पाय घसरायला लागले. सार्जंट ओरडला, जागा सोडायची नाही, म्हणून त्यात तसेच उभे राहिले. वासावरून त्यांना कळलं की त्याच वर्षाचं ताजं तेल आहे. म्हणायचे, आमच्या घाण्यावर सबंध हंगामात एवढं तेल कधी पाहिलं नाही."

नवालने काठी धरलेला हात काचेवर टेकला. मग मागची ती रिकामी खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

"आजी हेच सांगायची," ती म्हणाली. "पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत तेल गेलं. आम्ही हसायचो तिला. माझे वडील म्हणायचे, म्हातारी वाढवून सांगते, एवढं तेल आपल्याकडे होतंच कुठे? दर वर्षी तेल एक पायरी खाली उतरतं असं चिडवायचे तिला. मीसुद्धा चिडवलंय. शेवटी शेवटी तिने सांगायचंच सोडलं. आम्हाला वाटलं, विसरली."

"तेच गाव असेल असं नाही, नवाल."

"नसेलही. अशी गावं पुष्कळ होती." ती टोपीकडे बघत होती. "पण रस्त्यापर्यंत तेल जाऊ शकतं. जातं. ते डोळ्यांनी बघितलेला माणूस होता, आणि माझ्या हातून औषध घेत होता, आणि डोळे मिटून पडला होता. उठून एक शब्द बोलला असता! आजी तेव्हा जिवंत होती, एस्तेर. अम्मानला, माझ्या चुलत्याकडे. मी फोन केला असता तिला."

एस्तेरबाईंना रडू फुटलं. बाबा गेले तेव्हाही हॉस्पिटलातल्या सवयीने त्यांनी स्वतःला आवरलं होतं. आता आवरलं नाही. माफ कर म्हणावं तर कोणाच्या वतीने, आणि कोणाला? माफी ज्यांनी मागायची आणि ज्यांनी द्यायची, दोघंही राहिले नव्हते. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मृणाल लांबून बघत होती, जवळ आली नाही. शहाणी पोरगी.

हॉलचे दिवे एकेक करून बंद व्हायला लागले. नवालने नाक पुसलं, कोटाची बटणं चुकलेली पाहिली आणि एकेक काढून पुन्हा लावू लागली.

"थाळी माझ्याकडेच आहे," ती म्हणाली.

"असू दे."

"मलिदा खाल्ला नाही मी. खाववेना." शेवटचं बटण लागेना, तेव्हा एस्तेरबाईंनी वाकून ते लावून दिलं. नवालने लावू दिलं. "टाकलाही नाही. टाकायला कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले होते. झाकून फ्रिजमध्ये ठेवलाय."